रोहू-कटल्याची अंडी उबवताना: टाकीत पडलेल्या अंड्यापासून जिऱ्यापर्यंत

जून सरला की मत्स्यबीज केंद्रावर सगळ्या गप्पा माशांनी अंडी द्यावीत म्हणून टोचायच्या इंजेक्शनभोवती फिरू लागतात. मादी किती किलोची, डोस किती, टोचली किती वाजता. खरं तर इंजेक्शन दिलेली मादी अंडी देते यात आता नवल राहिलेलं नाही. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी पियुषिका (मेंदूखालच्या पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क टोचून भारतीय कार्प माशांकडून अंडी मिळवली. तोवर जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच फुटलेली पिल्लं, मिळवायचे तर मुख्यतः पुराच्या पाण्यात जाळी लावून नदीतून गोळा करावे लागत. (राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन १० जुलैला असतो, तो याच कामाची आठवण म्हणून.) आज बाजारात तयार इंजेक्शन मिळतं, त्याच्या पत्रकावर डोस छापलेला असतो, आणि तरीही कुणाच्या टाकीतून पोतंभर जिरे निघतात तर कुणाच्या टाकीत सकाळी पांढरा फेस तरंगत असतो. हा फरक पडतो अंडी घातल्यानंतरच्या चार दिवसांत, आणि बहुतेक वेळा तो पाण्याचा असतो: किती स्वच्छ, किती गार, आणि कोणत्या तासाला किती वेगाने फिरतं.

इथे मुख्यतः रोहू, कटला, मृगळ यांची चायनीज सर्क्युलर हॅचरीतली, म्हणजे गोल फिरत्या पाण्याच्या टाकीतली उबवणी घेतली आहे. गवत्या (ग्रास कार्प) आणि चंदेरा (सिल्व्हर कार्प) यांची अंडीही याच जातीची, म्हणजे न चिकटणारी आणि वाहत्या पाण्यात अधांतरी राहणारी, त्यामुळे त्यांनाही हीच पद्धत चालते. सायप्रिनसचं (कॉमन कार्प) प्रकरण वेगळं आहे. ते पुढे येईल.

पाणी आधी, मासे नंतर

हंगाम सुरू होण्याच्या निदान पंधरा दिवस आधी पाणी तपासून घ्या. तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअस, सामू (पीएच) ७ ते ८ च्या दरम्यान, विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर, आणि गाळ जवळजवळ नाही. हे आकडे कागदावर सोपे वाटतात, पण पाणी कुठून येतं त्यावर दुखणं बदलतं.

बोअरच्या पाण्यात तीन अडचणी असतात: प्राणवायू कमी, विरघळलेले वायू जास्त आणि काही ठिकाणी लोह. लोह असलेलं पाणी बोअरमधून काढताना नितळ दिसतं, पण हवा लागली की तांबूस होतं. तो तांबूस थर अंड्याच्या कवचावर बसला की आतल्या जीवाला श्वास घेता येत नाही. उपाय साधा आहे. पाणी थेट उबवणी टाकीत सोडू नका. आधी उंचावरून शॉवरसारखं पाडून मोठ्या टाकीत किंवा तळ्यात घ्या, रात्रभर निवळू द्या आणि वरचंच पाणी उचला. एवढ्याने प्राणवायू वाढतो, नको ते वायू उडून जातात आणि लोहाचा गाळ तळाला बसतो.

धरणाच्या किंवा तळ्याच्या पाण्याला प्राणवायूची अडचण नसते. तिथे पहिल्या मोठ्या पावसानंतरचा गाळ त्रास देतो आणि पाण्यासोबत सायक्लॉप्स येतो. डोळ्याला जेमतेम दिसणारा हा बारीक जीव नुकत्याच फुटलेल्या जिऱ्याला चावे घेतो. म्हणून पाणी टाकीत पडतं त्या नळाच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी बांधा आणि ती दर दोन-तीन तासांनी उलटी करून धुवा. पिशवी बांधायची आठवण सगळ्यांना असते, धुवायची राहते. मग पिशवी तुंबते, फुगते, आणि ऐन मध्यरात्री सुटून पडते. नगरपालिकेचं क्लोरीनचं पाणी मात्र या कामाला नकोच.

ओव्हरहेड टाकीचा हिशेबही आत्ताच करा. उबवणी टाकीला मिनिटाला २०० लिटर पाणी जात असेल तर १०,००० लिटरची टाकी ५० मिनिटांत रिकामी होते. पावसाळ्यात ग्रामीण भागात लाइट गेली की ५० मिनिटांत येईलच असं कुणी सांगू शकत नाही. डिझेल पंप किंवा जनरेटर हवाच, आणि तो हंगामाच्या आधी एकदा तासभर चालवून पाहिलेला हवा.

टाक्या आणि जाळी

सर्क्युलर हॅचरीत तीन भाग असतात. प्रजनन टाकी मोठी, साधारण ८ मीटर व्यासाची. उबवणी टाकी ३ ते ४ मीटर व्यासाची. तिच्या मधोमध जाळीचं गोल पिंजर असतं, आणि तळाला ४५ अंशात तिरकी बसवलेली, बदकाच्या चोचीसारखी चपटी तोंडं. या डकमाउथमधून पाणी जोरात येतं आणि टाकीतलं सगळं पाणी एकाच दिशेने गोल फिरायला लागतं. जास्तीचं पाणी जाळीतून मधल्या पिंजरात जातं आणि तिथल्या उभ्या पाइपाच्या तोंडातून बाहेर पडतं. तिसरी टाकी जिरे गोळा करायची.

डकमाउथ सगळे एकाच दिशेला आहेत का आणि सगळ्यांतून सारखं पाणी येतं का, हे रिकाम्या टाकीत पाणी सोडून बघा. एखादा बुजलेला असेल तर त्याच्या पुढच्या जागेत पाणी सुस्त राहतं आणि अंडी तिथेच बसतात. मधली जाळी हाताने चाचपून बघा. शिवण उसवलेली, चौकटीपाशी बोटभर फट राहिलेली, हे डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतं. जाळीचं छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवं. अंडं मोठं असतं, ते अडतं, पण फुटल्यानंतरचं जिरं सुतासारखं बारीक असतं आणि मोठ्या छिद्रातून सहज निसटतं.

टाकीत अंडी किती मावतील? ३ मीटर व्यास आणि १ मीटर पाणी धरलं, मधलं १ मीटर व्यासाचं पिंजर वजा केलं, तर हाती साधारण ६.३ घनमीटर पाणी उरतं. घनमीटरला ७ लाख अंडी हे प्रचलित प्रमाण आहे, म्हणजे सुमारे ४४ लाख. नव्या माणसाने ३० लाखांवर जाऊ नये असं मी म्हणेन. दाटी कमी असली की लाइट जाणं, जाळी तुंबणं अशा चुकांना थोडी सवड मिळते.

इंजेक्शन ते अंडी

हा भाग थोडक्यात, कारण तो सगळ्यांना तोंडपाठ असतो. ओव्हाप्रिमसारखं तयार इंजेक्शन मादीला किलोमागे: रोहू ०.३ ते ०.४ मिली, कटला ०.४ ते ०.५ मिली, मृगळ ०.२५ ते ०.३ मिली. नराला ०.१ ते ०.२ मिली. नर-मादी वजनाने सारखे घ्या. संध्याकाळी टोचून प्रजनन टाकीत सोडले की पहाटेपर्यंत अंडी पडतात. संध्याकाळचीच वेळ का, तर अंडी पहाटेच्या गारव्यात पडतात आणि त्यांची मोजदाद, भरणी उजेडात होते.

किलोमागे लाख-दीड लाख अंडी धरून चाला. ३ किलोच्या १० रोहू माद्यांनी चांगली अंडी दिली तर आपली ४४ लाखांची टाकी भरते. त्यापेक्षा जास्त माद्या टोचणं हा लोभ झाला. दुसरी टाकी तयार असेल तरच तो परवडतो.

अंडं पाण्यात पडतं तेव्हा जेमतेम मोहरीएवढं असतं. नंतर ते पाणी शोषून फुगतं आणि ४-५ मिलिमीटरचं होतं. या फुगण्याच्या वेळात त्याला हात लावू नका, पाइपातून ओढू नका. तास-दोन तासांत कवच ताठ होतं, त्यानंतरच प्रजनन टाकीच्या तळाचा व्हॉल्व्ह हळू उघडून अंडी उबवणी टाकीकडे जाऊ द्या. पूर्ण उघडलेल्या व्हॉल्व्हमधून धडाधड गेलेली अंडी वरून धड दिसतात, पण कवचाला मार बसलेला असतो आणि ती वेळेआधी फुटतात.

मोजणं आणि फळणं

एक मापी भांडं घ्या, त्यात पाण्यातून निथळलेली अंडी भरा. त्यातून ५० मिली अंडी ताटलीत ओतून एकेक मोजा. समजा ९०० भरली, तर लिटरला १८,००० झाली. मग टाकीत टाकताना लिटरच्या मापाने मोजत जायचं. ही मोजणी प्रत्येक वेळी नव्याने करा, कारण अंड्याचा आकार माशागणिक आणि पाण्यागणिक बदलतो. मागच्या घाण्याचा आकडा या वेळी चालत नाही.

अंडी पडल्यावर तीन-चार तासांनी फळण्याचं प्रमाण बघा. काळ्या ताटलीत थोडं पाणी घेऊन १०० अंडी टाका. फळलेलं अंडं भिजवलेल्या साबुदाण्यासारखं नितळ दिसतं आणि आत एक बारीक पिवळसर ठिपका असतो. न फळलेलं दुधट, पांढरं. ८०-९० नितळ निघाली तर उत्तम. ५० च्या खाली असतील तर त्या घाण्यावर रात्र जागण्यात अर्थ नाही, हे माझं स्पष्ट मत. सडणारी निम्मी अंडी उरलेल्या निम्म्यांचा प्राणवायू खातात, आणि शेवटी टाकी, डिझेल आणि माणसं तिन्ही अडकून पडतात.

पाण्याचा वेग: तासागणिक

सगळा कस इथे आहे. २८ अंशांच्या आसपास अंडी १४ ते १८ तासांत फुटतात. पाणी गार असेल तर उशीर, गरम असेल तर लवकर.

पहिले बारा तास वेग सेकंदाला ०.४ ते ०.५ मीटर ठेवा. अंडी पाण्यापेक्षा किंचित जड असतात, प्रवाह नसेल तर तळाला थर करून बसतात आणि खालची गुदमरतात. या वेगात ती वर-खाली होत फिरत राहतात.

वेग मोजायला मीटर नसतो कुणाकडे. एक कोरडं पान घ्या, टाकीच्या भिंतीपासून वीतभर आत टाका आणि घड्याळ लावा. ३ मीटर व्यासाच्या टाकीत पानाची एक फेरी साधारण ८ मीटरची होते. २० सेकंदांत फेरी पूर्ण झाली तर वेग ०.४ मीटर, १६ सेकंदांत झाली तर ०.५. टाकी वेगळ्या मापाची असेल तर फेरीचं अंतर दोरीने मोजून घ्या. टाकीच्या भिंतीवर हे सेकंद खडूने लिहून ठेवलेत तर रात्रपाळीचा माणूस अंदाजावर चालणार नाही.

नवव्या-दहाव्या तासाला ताटलीत अंडं घेऊन बघा. आत स्वल्पविरामासारखा वाकलेला जीव दिसतो आणि तो मधूनच झटका देतो. हे झटके वाढत जातात. शेपटीच्या याच झटक्यांनी आणि आतून पाझरणाऱ्या स्रावाने कवच कमकुवत होऊन फुटतं. झटके जोरात आले की समजा, वेळ आली.

आता वेग उतरवा, ०.१ ते ०.२ मीटरवर. पानाची फेरी ५०-६० सेकंदांची. नुकतं फुटलेलं पोर अगदी लेचंपेचं असतं, जोराच्या पाण्यात ते मधल्या जाळीवर जाऊन चिकटतं आणि तिथेच चेपतं. हा कमी वेग पाच-सहा तासच, बहुतेक अंडी फुटेपर्यंत. त्यानंतर पुन्हा ०.३ ते ०.४ वर आणा, म्हणजे फेरी २० ते २७ सेकंदांत. बरेच जण इथे चुकतात. पिल्लं नाजूक म्हणून दुसऱ्या दिवशीही पाणी मंदच ठेवतात. पण पोटाला बलकाची पिशवी असलेलं पिल्लू पोहू शकत नाही, मंद पाण्यात ते तळाला ढिगाने बसतं, आणि ढिगाच्या आतली मरतात. वरून टाकी शांत, छान दिसते.

कवचं

फुटलेली कवचं हा या कामातला सर्वांत दुर्लक्षित भाग. लाखो कवचं आणि न फळलेली अंडी एकदम सुटतात, पाण्याला चिकटपणा येतो, वर फेस धरतो, वास बदलतो. ही कवचं जाळीवर जाऊन बसतात. जाळी तुंबली की बाहेरचं पाणी पिंजरात जाऊ शकत नाही, टाकीची पातळी हळूहळू चढते, आणि एका क्षणी पाणी जाळीच्या वरच्या काठावरून पिंजरात उतरतं. त्या पाण्यासोबत जिरेही जातात, थेट गटारात.

म्हणून फुटण्याच्या वेळी एका माणसाने जाळीपाशीच थांबायचं. जाळी घासायची ती आतून, म्हणजे पिंजराच्या बाजूने: मऊ ब्रश किंवा नुसता तळहात फिरवायचा, किंवा आतून बाहेर पाण्याचा हलका फवारा मारायचा. बाहेरून घासलं तर जाळीवर टेकलेली पिल्लं चिरडतात. वरचा फेस आणि तरंगणारी पांढरी अंडी मच्छरदाणीच्या कापडाच्या झाऱ्याने काढत राहा. फुटणं पूर्ण झाल्यावर तीन-चार तासांत पाणी पुन्हा स्वच्छ दिसायला हवं. तसं होत नसेल तर येणारं पाणी वाढवा, सोबत जाळी घासत राहा.

अंडी दहाव्या-अकराव्या तासालाच फुटायला लागली तर ती वेळेआधीची फूट आहे. पाणी ३१-३२ अंशांवर गेलं असेल, अंडी नेताना मार लागला असेल, किंवा मादी जास्त पिकलेली असेल. अशा वेळी वेग लगेच उतरवा आणि शक्य तर गार पाणी मिसळा. काही पिल्लं वाचतील, पण हा घाणा पूर्ण भरेल अशी आशा धरू नका. उन्हाच्या दिवसांत टाकीवर शेडनेट टाकलं तर निम्मा प्रश्न आधीच मिटतो.

तीन दिवस

फुटल्यावर जिरे साधारण ७२ तास टाकीतच राहतात. तोंड उघडलेलं नसतं, खाणं नको. पोटाची बलकाची पिशवीच त्यांचा डबा. दुसऱ्या दिवशी डोळे काळे दिसू लागतात. तिसऱ्या दिवशी पिशवी जवळजवळ संपते आणि जिरे आडवे, सरळ पोहायला लागतात, प्रवाहाविरुद्धही. त्या वेळी त्यांची लांबी ६ मिलिमीटरच्या आसपास असते. पिशवी पूर्ण संपायची वाट पाहू नका. ती संपल्यावर टाकीत खायला काही नसतं आणि काही तासांतच ते अशक्त होतात.

जिरे काढताना उबवणी टाकीच्या बाहेरच्या पाइपाने गोळा करायच्या टाकीत घ्या. तिथे पाण्यात बारीक कापडाचा हापा (वरून उघडी कापडी पेटी) आधीच बांधून ठेवा. पाणी गाळताना जिरे कापडावर कोरडे पडता कामा नयेत. मापी वाटी बारीक जाळीच्या बुडाची असते. तिच्यात भरलेले जिरे एकदा मोजून ठेवा, मग वाटीमागे हिशेब.

पाठवायचे असतील तर १८ लिटरच्या पिशवीत ६ लिटर पाणी, वर प्राणवायू, आणि दहा-बारा तासांच्या प्रवासाला २५ ते ३० हजार जिरे. सकाळी किंवा रात्री गाडी हलवा. घेणाऱ्याला फोन करून विचारा की संगोपन तळ्यात, म्हणजे जिरे सोडून वाढवायच्या तळ्यात, किडे मारण्याचं काम झालं का. साबण-तेलाचा फवारा जिरे सोडायच्या आदल्या दिवशी, हेक्टरी ५६ किलो तेल आणि १८ किलो साबण, म्हणजे दहा गुंठ्यांच्या तळ्याला ५.६ किलो तेल आणि १.८ किलो साबण. हे झालं नसेल तर पाणकिडे एका रात्रीत तळं साफ करतात आणि खापर तुमच्या जिऱ्यांवर फुटतं.

मोठी हॅचरी नसेल तर

तळ्यात बांबू रोवून दुहेरी हापा लावणं ही जुनी पद्धत अजूनही चालते. बाहेरचा हापा बारीक मांजरपाटाचा, साधारण २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर खोल. आतला लहान, मच्छरदाणीच्या कापडाचा. अंडी आतल्या हाप्यात, पाऊण ते एक लाख. फुटली की जिरे छिद्रांतून बाहेरच्या हाप्यात उतरतात, मग कवचं आणि मेलेली अंडी असलेला आतला हापा सरळ उचलून टाकायचा. कवचांचा प्रश्न इथे आपसूक सुटतो, ही या पद्धतीची खुबी. मात्र तळ्याचं पाणी तापलं, गढूळ झालं किंवा खेकड्याने कापड फाडलं तर हातात काही नसतं.

काचेच्या बरण्याही आहेत. ६.३५ लिटरच्या बरणीत ५० हजार अंडी, खालून पाणी मिनिटाला ६०० ते ८०० मिलिलिटर. अंडी डोळ्यासमोर फिरताना दिसतात, त्यामुळे शिकणाऱ्याला ही पद्धत फार उपयोगी. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यपालन संस्थेने तयार केलेली फायबरची हलवता येणारी हॅचरी मधल्या शेतकऱ्याला परवडते. एका घाण्याला १० ते १२ लाख जिरे निघतात. सिमेंटच्या मोठ्या टाकीत पैसा अडकवण्याआधी दोन हंगाम फायबरवर काढावेत.

सायप्रिनसला यातलं काहीच लागू होत नाही. त्याची अंडी चिकट, पाणवनस्पतीला धरून राहतात. हायड्रिला स्वच्छ धुऊन, गोगलगायी काढून, मादीच्या वजनाच्या दुप्पट घ्या आणि प्रजननाच्या हाप्यात पसरा. सकाळी अंडी लगडलेली हायड्रिला उचलून उबवणीच्या हाप्यात पातळ पसरून ठेवा. दाट ठेवली तर मधल्या अंड्यांवर बुरशी चढते. फुटायला दोन ते तीन दिवस लागतात, आणि एवढ्या वेळात बुरशी हाच मुख्य शत्रू. पांढरी कापसासारखी झालेली काडी दिसली की ती तेवढी तोडून बाहेर टाका. फुटल्यावर वनस्पती लगेच हलवू नका. पिल्लं पहिले काही तास तिलाच लटकलेली असतात.

दोन घाण्यांच्या मध्ये टाकी, पाइप, डकमाउथ आणि जाळी घासून, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुऊन, पुन्हा साध्या पाण्याने दोनदा काढा आणि एक दिवस ऊन दाखवा. क्लोरीनचा वास येत असेल तोवर पुढची अंडी टाकीत घेऊ नका. पावसाळी हवेत ऊन मिळत नाही, तेव्हा निदान जाळ्या शेडखाली वाऱ्यावर सुकवा.